निळीचा पंप : फवारणीचं विष अंगात किती जातं आणि ते मोजतात कसं

गेल्या वर्षी पोळा झाल्यावरच्या आठवड्यात पुतण्याकडून मी एक उद्योग करून घेतला. त्याचा पाठीवरचा चार्जिंगचा पंप साबणाच्या पाण्यानं तीनदा धुतला, त्यात औषधाचा थेंबही न घालता नुसतं विहिरीचं पाणी भरलं आणि वरून कपड्यांना देतात त्या निळीची अर्धी बाटली ओतली. अंगात घालायला माझा जुना पांढरा सदरा आणि पांढरा पायजमा दिला, आतून पांढरी बनियान. म्हटलं, रोज जसा फवारा मारतोस तसाच मार, उगाच सांभाळून चालू नको. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्या वेळी त्याच्या छातीला लागत होती. चार तासं मारून तो धुऱ्यावर आला तेव्हा शेजारच्या वावरात निंदणाऱ्या बाया हसायला लागल्या. यंदा होळी भाद्रपदातच आली म्हणे.

मी वही काढली. पायजम्याची पुढची बाजू मांडीपासून घोट्यापर्यंत ओलीचिंब निळी. उजवी बाही कोपरापर्यंत. पाठीवर, पंपाचं झाकण येतं त्या जागी, ताटलीएवढा डाग. छातीवर शिंतोडे. तोंडाला दुपट्टा बांधला होता त्यावर मोजता येतील इतके ठिपके. सदरा काढला तर बनियानही पाठीमागून निळी झालेली, आणि पायजम्याचा जांघेतला भाग पिळला असता तर निळं पाणी गळलं असतं.

"मले वाटे हे नाकातूनच जाते काका," तो पायजम्याकडे बघत म्हणाला. "हे तं पायालेच सारं."

नेमका हाच प्रश्न अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, वेनाची या सफरचंदाच्या बागांच्या गावी, विल्यम डरहॅम आणि होमर वुल्फ या दोन संशोधकांनी हाती घेतला होता. फवारणारा माणूस दिवसभरात विष घेतो ते कुठून? दोघांनी कामगारांच्या अंगावर ठिकठिकाणी शोषून घेणाऱ्या कागदाचे आणि गॉजचे तुकडे चिकटवले. मास्कमधला फिल्टर वेगळा काढून ठेवला. हात धुतलेलं पाणीसुद्धा फेकलं नाही, बाटलीत भरलं. मग प्रत्येक तुकड्यात किती औषध उतरलंय ते प्रयोगशाळेत मोजलं आणि तुकड्याच्या क्षेत्रफळावरून सगळ्या अंगाचा हिशेब मांडला. मांडीवरच्या १०० चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यात समजा २ मिलिग्रॅम सापडलं आणि मांड्यांची उघडी पुढची बाजू १,५०० चौरस सेंटिमीटर भरली, तर तिथे ३० मिलिग्रॅम पडलं. त्रैराशिकच, आपल्या सातवीतलं. १९६२ साली त्यांनी ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत मांडली, आणि तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही वापरात आहेत. नाकातून जाणारा वाटा कातडीवर पडणाऱ्याच्या मानानं अगदीच थोडा निघाला.

पुढे रिचर्ड फेन्स्के या संशोधकानं फवारणीच्या पाण्यात चमकणारा रंग मिसळायची युक्ती काढली. काम संपल्यावर माणसाला अंधाऱ्या खोलीत उभं करून अतिनील दिवा लावायचा, की जिथे जिथे औषध लागलंय तिथे कातडी चमकते. कपड्याच्या आतसुद्धा. माझी निळीची बाटली ही त्याचीच गावठी आवृत्ती. तिच्यात आकडे निघत नाहीत, पण पुतण्याला जे पाच मिनिटांत पटलं ते कृषी केंद्रातल्या भिंतीवरच्या पोस्टरनं पाच वर्षांत पटलं नव्हतं.

इथवर झालं ते अंगावर पडल्याचं. अंगावर पडलं म्हणजे अंगात गेलं असं नाही, आणि यातला फरक समजला की निम्मं शास्त्र समजलं. कातडी म्हणजे मेणकापड नव्हे. ती जागोजागी वेगवेगळी आहे. १९७१ साली हॉवर्ड मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या शरीरावर निरनिराळ्या जागी पॅराथिऑन नावाच्या जहाल कीटकनाशकाचा अगदी सूक्ष्म डोस लावला. औषधाच्या रेणूंवर किरणोत्सारी कार्बनची खूण केली होती, त्यामुळे पुढच्या पाच दिवसांच्या लघवीतून किती बाहेर पडलं यावरून आत किती शिरलं होतं ते काढता आलं. कोपरापुढच्या हातावर लावलेल्या शंभर भागांतले साधारण नऊ आत गेले. तळहातावरचे बारा. पोटावरचे अठरा. डोक्याच्या कातडीवरचे बत्तीस, कपाळावरचे छत्तीस, काखेतले चौसष्ट. आणि अंडकोषावर लावलेलं जवळपास सगळंच्या सगळं आत गेलं.

हे आकडे सांगितल्यावर पुतण्या काही बोलला नाही. पायजम्याच्या जांघेतलं ते निळं आम्ही दोघांनीही पाहिलं होतं.

पऱ्हाटी गुडघ्याएवढी असते तेव्हा गोष्ट वेगळी. ती छातीला लागली की फवारणारा माणूस नळी समोर हलवत पुढे चालतो, म्हणजे आत्ताच ओल्या केलेल्या पानांत तो स्वतःच शिरतो. प्रत्येक पावलागणिक मांड्या पानांवर घासतात. सुती पँट ते पाणी टिपकागदासारखं धरून ठेवते आणि दिवसभर कातडीला चिकटवून ठेवते. वर भाद्रपदातलं ऊन आणि पावसानंतरची उमस. घाम आला, कातडी तापली की औषध आणखी जास्त आत जातं. पुढच्या बाजूला कमरेपासून घोट्यापर्यंत साधा प्लास्टिकचा पडदा बांधला, वारा एका बाजूनं घेतला आणि नळी समोर न धरता वारा जातो त्या बाजूला धरली, तर निळीच्या प्रयोगात पायजमा खूपच कोरडा राहतो. आम्ही दुसऱ्या दिवशी तेही करून पाहिलं.

पण सगळ्यात वाईट वेळ फवारणीची नसतेच. ती असते ड्रमाजवळची. समजा बाटलीवर लिहिलंय ५० टक्के ईसी, म्हणजे पाण्यात मिसळायचं घट्ट औषध, आणि १५ लिटरच्या पंपाला ३० मिली टाकायचंय. म्हणजे औषध पाण्यात पाचशे पटीनं पातळ होतं. उलट वाचा : बाटलीतलं घट्ट औषध एक मिली हातावर सांडलं, तर ते अर्धा लिटर फवारा हातावर ओतल्यासारखं झालं. एक चहाचा चमचा सांडला तर अडीच लिटर. आमच्याकडे माप म्हणून बाटलीचं झाकणच वापरतात. ते भरताना बोटांवर ओघळतं, मग हात पँटला पुसला जातो. नंतर त्याच हाताची पाची बोटं तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पन्नीत जातात. नोझल अडकलं की तोंडानं फुंकायचं, हेही आहेच. मी कुणाला नावं ठेवत नाही, विशीत मीही फुंकलंय.

घट्ट औषध तेलकट द्रावकात विरघळवलेलं असतं, म्हणून ते कातडीतून भराभर जातं. पातळ रबरी मोजे त्यापुढे फार वेळ तग धरत नाहीत. कापडी मोजे तर नसलेले बरे, ते औषध पिऊन हाताला धरून बसतात. जाड नायट्राइलचे मोजे हवेत, निदान ड्रमाजवळच्या त्या दहा मिनिटांपुरते.

आता आत गेलेलं औषध करतं काय? यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडे पऱ्हाटीवर वर्षानुवर्षं जी औषधं फवारली गेली, त्यातली मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट, क्लोरपायरीफॉस ही सगळी एका कुळातली, ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातली. या कुळावर संशोधन करताना १९३६ साली जर्मनीतल्या गेरहार्ड श्राडर या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती टॅबून लागलं. तो शोधत होता किडीचं औषध, सापडला युद्धात वापरायचा विषारी वायू. तसा तो निघण्याचं कारण सरळ आहे : तुडतुड्याच्या आणि माणसाच्या मज्जातंतूंमध्ये एक यंत्रणा अगदी सारखी आहे, आणि हे औषध तिथेच बोट घालतं.

मज्जातंतू स्नायूला किंवा ग्रंथीला हुकूम देतो तो एका रसायनाच्या रूपात. त्याचं नाव ॲसिटिलकोलीन. हुकूम पोचला, स्नायू आखडला, की ते रसायन लगेच नष्ट व्हायला हवं, नाहीतर हुकूम चालूच राहील. नष्ट करायचं काम एक विकर (एन्झाइम) करतं. त्याला कोलिनेस्टरेज म्हणतात. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो, इतकं ते चपळ असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ॲसिटिलकोलीन म्हणजे मोटर चालू करणारं बटण आणि कोलिनेस्टरेज म्हणजे बंद करणारं. ऑर्गॅनोफॉस्फेट या बंद करायच्या बटणावरच जाऊन बसतं. रात्री लाइन येते, ऑटोवर टाकलेली मोटर आपोआप सुरू होते आणि वावरात बंद करायला कुणी नसतं, तेव्हा सकाळी काय दिसतं ते आठवा. सगळं तुंबलेलं. शरीराचंही तसंच होतं. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, पोटात मुरडा आणि जुलाब, छातीत कफ साचून घरघर. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, म्हणून समोरचं अंधुक दिसतं. दंड-मांड्यांतलं मांस आपोआप फडफडतं. आणि मोटर जळावी तसे शेवटी स्नायू थकून जातात. त्यात श्वासाचे स्नायूही आले.

दवाखान्यात अशा माणसाला ॲट्रोपिन टोचतात ते ॲसिटिलकोलीनचा हुकूम ग्रंथींना ऐकूच जाऊ नये म्हणून. जोडीला कधी पॅम नावाचं औषध देतात. ते विकरावर बसलेलं विष उठवून लावतं, पण वेळेत दिलं तरच. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांच्या बाबतीत काही तासांतच विष विकराला कायमचं चिकटून जातं आणि मग ते विकर गेलंच म्हणायचं. (ॲट्रोपिन धोत्र्यातही असतं. म्हणून धोत्र्याचा काढा पाजायचा विचार कुणाच्या डोक्यात येत असेल तर तो तिथेच सोडा. डोस चुकला तर एका विषावर दुसरं.)

ताबडतोब करायचं ते एवढंच : अंगावरचे कपडे काढा, साबण आणि भरपूर पाण्यानं अंग धुवा, केस आणि नखांसकट, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या. दूध-तूप पाजू नका, मिठाचं पाणी देऊन उलटी काढू नका. डॉक्टरला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो लेबलचा.

श्रीलंकेतल्या दोन डॉक्टरांचं एक निरीक्षण मला प्रत्येक गावात सांगावंसं वाटतं. निमल सेनानायके आणि लक्ष्मण करालीड्डे यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की पहिला झटका ओसरून रोगी बरा दिसायला लागल्यावर, एक ते चार दिवसांच्या आत, काहींच्या मानेचे स्नायू एकाएकी ढिले पडतात. उशीवरून मान उचलता येत नाही. त्यानंतर श्वास जातो. म्हणून दुसऱ्याच दिवशी "आता बरं वाटते, घरी जाऊ द्या, वावर पडून आहे" म्हणून सुट्टी मागणाऱ्याला आधी मान वर करून दाखवायला सांगावं.

२०१७ च्या पावसाळ्याअखेर एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, लागवड दाट होती, गुलाबी बोंडअळीनं धुमाकूळ घातला होता, आणि एका पंपात दोन कीटकनाशकं, वर टॉनिक, वर विद्राव्य खत असं सगळं एकत्र करून मारणं सर्रास चाललं होतं. सरकारनं नंतर काही औषधांची विक्री त्या भागात काही काळ थांबवली. पण टीव्हीवरच्या आणि पारावरच्या चर्चेत एकच प्रश्न : किट घातलं होतं का? निळा पायजमा पाहिल्यापासून मला या प्रश्नाचा राग येतो. किट म्हणजे बहुतेक ठिकाणी एक मास्क, एक गॉगल आणि पातळ मोज्यांची जोडी. भुकटी मारताना, बारीक धुक्यासारख्या फवाऱ्यात मास्क हवाच, तो काढा असं मी म्हणत नाही. पण माणूस भिजला मांड्यांना आणि आपण झाकलं नाक. खरा प्रश्न होता तो म्हणजे कुणाच्या अंगात किती गेलं. तो विचारायला मोजमाप लागतं, आणि मोजमाप जवळजवळ नव्हतंच.

हे मोजमाप रक्तातून करता येतं, कारण कोलिनेस्टरेज फक्त मज्जातंतूंपाशी नसतं, त्याची भावंडं रक्तातही फिरत असतात : एक तांबड्या पेशींवर, एक रक्तद्रवात. मज्जातंतूंपाशी काय चाललंय याचा अंदाज या दोघांवरून येतो. १९६१ साली जॉर्ज एलमन यांनी ते मोजायची सोपी रीत दिली. रक्ताच्या थेंबात एक रसायन घालायचं. विकर धडधाकट असेल तर ते रसायन तोडतं आणि द्रावणाला पिवळा रंग चढतो. रंग भराभर चढला तर विकर शाबूत, रेंगाळत चढला तर कमी. आजच्या लॅबमधली यंत्रंही बहुतेक याच कल्पनेवर चालतात.

इथे एक अडचण आहे, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातं. हे विकर प्रत्येकाच्या रक्तात जन्मतःच कमी-जास्त असतं. तुमचं आणि माझं, दोघंही ठणठणीत असताना, दुपटीनं वेगळं असू शकतं. यकृताचा आजार असेल, बाई गरोदर असेल, तरी रक्तद्रवातलं उतरतं. त्यामुळे फवारणीनंतर एकदाच रक्त तपासून कागदावर आकडा आला तर त्याचा अर्थ लावता येत नाही. तुलना करायची ती शेजाऱ्याच्या आकड्याशी नाही, स्वतःच्याच फवारणीआधीच्या आकड्याशी. संशोधक त्याला आधाररेषा म्हणतात. कॅलिफोर्नियात १९७४ पासून असा नियमच आहे : आधाररेषेच्या ८० टक्क्यांखाली गेला की कामाची पद्धत तपासा. तांबड्या पेशींतलं ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातलं ६० टक्क्यांवर आलं की माणसाला औषधापासून दूर करा, आणि पुन्हा ८० च्या वर गेल्याशिवाय फवारायला लावू नका. तोवर त्याला काही त्रास जाणवत नसला तरीही. त्रास जाणवेपर्यंत थांबणं म्हणजे बैल बसल्यावर ओझं मोजायला घेणं.

आपल्याकडे काही नाही असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. कीटकनाशक नियम १९७१ चे आहेत आणि त्यातल्या वैद्यकीय तपासणीच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट (याच विकरावर बसणारं दुसरं कुळ) औषधांशी काम पडणाऱ्यांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज दर महिन्याला मोजावं. दर महिन्याला! रोजंदारीवर चार जणांच्या वावरात फवारणारा मजूर कुणाचा नोकर आणि त्याचं रक्त कुणी काढायचं, हे मात्र कुणी ठरवलेलं नाही. कागद पन्नास वर्षांहून जुना आहे. आमच्या पंचक्रोशीत अशी तपासणी झालेला एकही फवारणारा मला भेटलेला नाही.

विकर एकदा कायमचं निकामी झालं की शरीर नवं बनवतं, पण सावकाश. तांबड्या पेशीवरचं विकर परत यायला नव्या पेशीच याव्या लागतात. दिवसाला साधारण एक टक्का, असा हिशेब धरतात. म्हणजे ऑगस्टात ३० टक्के उतरलं तर भरून यायला महिनाभर, आणि आमच्याकडे तर दर दहा-बारा दिवसांनी पुढचा फवारा. आधीचं भरून यायच्या आत पुढचं उतरतं. मजूर तर आज माझ्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या. पहिल्या पाच फवाऱ्यांना काही झालं नाही आणि सहाव्याला तेवढ्याच औषधानं माणूस पडला, याचं कोडं इथे सुटतं. गावात मग बोलतात की या बाटलीत काहीतरी भेसळ होती. असेलही, पण त्याआधीच्या पाच बाटल्यांचाही हिशेब मांडायला हवा.

आता एक मेख सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा या तपासणीला देवच करून टाकेल. कोलिनेस्टरेज फक्त ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट यांच्याबद्दल बोलतं. इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल, सायपरमेथ्रिन, डायफेंथियुरॉन यांचा मार्ग वेगळा, ती या विकराला हात लावत नाहीत. त्यामुळे आकडा चांगला आला म्हणजे विषबाधा नाही असं म्हणता येत नाही. मिश्रणाच्या जमान्यात तर आणखीच कठीण. दोन औषधं एकत्र आली की एकमेकांचा जोर वाढवू शकतात : सायपरमेथ्रिनसारखी औषधं शरीर ज्या विकरांनी मोडतं, त्यातल्या काहींना प्रोफेनोफॉससारखी औषधं अडवून धरतात. किडीवर मिश्रणाचा गुण येतो त्याचं एक कारण हेच आहे, आणि शरीर माणसाचं असलं म्हणून रसायनं नियम बदलत नाहीत.

फवारणाऱ्याबद्दल इतकं लिहिलं, पण त्या दिवशी शेजारच्या वावरात हसणाऱ्या बायांचं काय? ड्रमात पाणी भरतात त्या. फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी निंदतात त्या. पानांवरचं औषध तळहातांवर, पोटऱ्यांवर घेतात त्या. पुढे वेचणीत बोंडाच्या टोकांनी बोटं चिरतात तीही त्यांचीच, आणि चिरलेली कातडी अडवत काहीच नाही. संध्याकाळी नवऱ्याचा तो ओला पायजमा लेकरांच्या कपड्यांत घालून धुतात त्याही त्याच. त्यांना चक्कर येत नाही, उलट्या होत नाहीत, म्हणून त्या कुठल्याच यादीत येत नाहीत.

थोडंथोडं, रोज, आणि लक्षणांशिवाय जाणाऱ्या विषाचा शोध घेणं हे या शास्त्रातलं सगळ्यात चिवट काम. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात, जिथे लेट्यूस आणि स्ट्रॉबेरीची शेती आहे, ब्रेंडा एस्केनाझी यांच्या गटानं १९९९-२००० मध्ये ६०१ गरोदर बायांना अभ्यासात घेतलं. बहुतेक शेतमजुरांच्या घरच्या, मेक्सिकोतून आलेल्या. ऑर्गॅनोफॉस्फेट शरीरात मोडलं की त्याचे तुकडे लघवीत येतात. ते गरोदरपणात मोजून ठेवले. मग मुलं जन्मली, मोठी झाली, आणि संशोधक वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जात राहिले. मुलं सात वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक तपासला. ज्या आयांच्या लघवीत ते तुकडे सगळ्यात जास्त होते त्यांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक सगळ्यात कमी असणाऱ्यांपेक्षा सात अंकांनी खाली होता. आईचं शिक्षण, घरची गरिबी अशा गोष्टींचा हिशेब वजा करूनही. २०११ साली हे छापून आलं.

यातल्या कुठल्याही एका मुलाकडे बोट दाखवून "हे औषधामुळे" असं कुणालाच म्हणता येणार नाही. सात अंक घरात दिसत नाहीत, शाळेत दिसत नाहीत. शेकडो लेकरं ओळीनं उभी केली तरच दिसतात, आणि तीही आधी मोजून ठेवलं असेल तर.

म्हणून यंदा मे महिन्यात, पहिल्या फवाऱ्याला दीड-दोन महिने बाकी असताना, पुतण्याला घेऊन तालुक्याच्या एका लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या पोरानं फॉर्म पुढे ओढला. "काय तकलीफ आहे?"

"काही नाही."

"मग कोलिनेस्टरेज कशाला? विष घेतलं का कुणी?"

"घेतलं नाही. घेणार आहे, जुलैपासून."

त्यानं आमच्या दोघांकडे पाहिलं, लक्षणांच्या रकान्यात काय लिहावं ते त्याला सुचेना, शेवटी "जनरल चेकअप" लिहून सुई काढली. नमुना नागपूरला गेला. तीन दिवसांनी कागद आला. रक्तद्रवातल्या विकराची नॉर्मल म्हणून छापलेली मर्यादा ५,३२० ते १२,९२०, आणि पुतण्याचा आकडा ११,४००.

"म्हणजे चांगलं का वाईट?"

मी त्याला पेन दिलं आणि ११,४०० चे ६० टक्के काढायला सांगितले. ६,८४० आले. म्हणजे दसऱ्याला समजा ६,००० भरलं, तर लॅब पुन्हा नॉर्मलच छापून देईल, आणि कॅलिफोर्नियात असता तर त्याच्या हातातला पंप काढून घेतला असता. त्यानं दोन्ही आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहिले, ६,८४० च्या खाली दोन रेघा ओढल्या, आणि सातबारा नि पीकविम्याची पावती असते त्या पन्नीत घडी घालून ठेवून दिला.